माहेरवाशिणीची खोली

हेमलता थोरातला कुणी विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" तर ती आधी मागे वळून बघते आणि मग उत्तर देते. उत्तर तरी काय, "इथेच, जवळ." दिल्लीतल्या आर. के. पुरममध्ये भाजीवाल्यापासून गणेशोत्सव मंडळाच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे तिला 'इथेच, जवळ'वाली म्हणून ओळखतात. मला मात्र तिचा पत्ता पक्का ठाऊक. आमच्या दारासमोर लेल्यांचं सरकारी क्वार्टर आहे. त्याच्या आतल्या खोलीत, फुलाफुलांच्या पडद्यामागे ती, तिचा नवरा उल्हास आणि बारावीतली मुलगी भक्ती असे तिघं राहतात. सरकारला विचाराल, तर तिथे कुणीच राहत नाही.

क्वार्टर शांताराम लेल्यांच्या नावावर. मंत्रालयात त्यांचा जन्म गेला, पुढच्या वर्षी रिटायर होतील. माणूस इतका भित्रा की लाल दिवा लागला तर पायी चालतानासुद्धा थांबतो. त्यांची बायको चंद्रप्रभा मात्र दुसऱ्या टोकाची. मुलगा अनुराग पुण्याला नोकरीला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. चंद्रप्रभेला रिकामी खोली म्हणजे गळका नळ, रात्रंदिवस कानाशी टपटप. सरकारी घरात भाडेकरू ठेवता येत नाही, पण जवळचं नातलग येऊन राहिलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही. मग बाईंनी नातंच काढलं. हेमलता म्हणजे शांतारामांची बहीण! बहीणच का, तर लग्न झालेल्या बहिणीचं आडनाव वेगळंच असतं. भाऊ म्हटलं असतं तर लेले आणि थोरात यांचं जमवणार कसं? नवऱ्याच्या जागी चंद्रप्रभा मंत्रालयात असती, तर आज सेक्रेटरी होऊन मोठ्या बंगल्यात राहिली असती. मी हे तिला तोंडावर सांगितलंय. ती रागावली, पण फार नाही.

थोरात मंडळी राहायला आली त्या दिवशी बाईंनी शिकवणी घेतली. मी चहाला बसलेच होते.

"मला वहिनी म्हणायचं, ह्यांना दादा. मी चारचौघांत वन्सं म्हणेन, तेव्हा दचकायचं नाही."

"मम्मी, ये वन्सं क्या होता है?" भक्तीनं विचारलं. पोर दिल्लीतच वाढलेली.

"ननद गं," हेमलता हळूच म्हणाली.

"आणि तू मला आँटी म्हणालीस ना, तर बघ! मामी म्हणायचं."

"मामी चालेल. हिंदीत पण सेम आहे."

दुसऱ्याच दिवशी जिन्यात चंद्रप्रभेनं मोठ्यानं हाक मारली, "वन्सं, पिशवी घेतलीत का?" तर हेमलता मागे कोण आलंय ते बघायला लागली. मी दाराची कडी धरून हसले. चंद्रप्रभा म्हणाली, "काकू, तुम्ही आत जा."

हसले खरी, पण त्या घरातलं राहणं मी रोज बघत होते. उल्हास मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात फिटर. धौलाकुआँहून कंपनीची बस पकडतो. त्याचा कंपनीचा शर्ट बाल्कनीत वाळत घालायचा नाही, तो पंख्याखाली वाळवायचा. चपला पलंगाखाली. हेमलतेची विजेची शेगडी सुटकेसमध्ये, स्वैपाक झाला की गरम असतानाच बंद. एका घरात दोन चुली दिसल्या की तपासणीवाल्यांना आणखी काही बघावं लागत नाही म्हणे. दारात सकाळी दुधाच्या पिशव्या दिसल्या तर तेही धोक्याचं, म्हणून थोरातांचं दूध माझ्या दारात पडायचं. हेमलता पहाटे येऊन मांजरासारखी ते घेऊन जायची. माझी सून सृष्टी म्हणते, "आई, आपण या भानगडीत कशाला?" मी म्हणते, "अगं, एवढी करमणूक टीव्हीवर तरी आहे का?"

पण हेमलतेला ही खोली स्वर्गासारखी वाटायची, ते का, हे तिच्या आधीच्या खोल्या ऐकल्यावर कळतं. कऱ्हाडजवळच्या गावातून लग्न करून ती आली ती फरीदाबादला. तिथल्या खोलीला खिडकी होती. उघडली की समोर शेजाऱ्याची भिंत. हात न लांबवता तिच्यावर खिळा ठोकता आला असता. मग मानेसर. तिथला मालक म्हणे, खोली माझी तर पीठ-तेलही माझ्याच दुकानातलं. बाहेरून पिशवी आणताना दिसलं की पाणी बंद. मग मुनीरका. तिथे पलंग ठेवल्यावर दार अर्धंच उघडायचं. भक्ती उंच झाली, तशी अभ्यासाला जिन्यात बसायला लागली, आणि येणारे-जाणारे तिच्या वहीवरून पाय टाकून जायचे. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, भाडं वाढायचं, आणि निम्मा पगार खोलीत जिरायचा. बाजूला नव्या इमारती उठत होत्या, गेटवर सलाम ठोकणारे गार्ड. त्यातल्या एकीच्या पाळणाघरात हेमलता कामाला होती. ती सांगायची, "काकू, तिथे मुलांच्या खेळण्यांची खोली आमच्या खोलीच्या दुप्पट आहे. आणि मुलं खेळतात बाहेरच्या पॅसेजमध्ये!"

या सगळ्या खोल्यांतून एक ट्रंक तिच्याबरोबर फिरली. तिच्यात सासूनं दिलेले गौरींचे पितळी मुखवटे. थोरातांकडे उभ्या गौरी असतात, साड्या नेसवलेल्या, दागिने घातलेल्या. गौर आणली की तिला सगळं घर फिरवून दाखवायचं, अशी रीत. ही आमची बैठक, हे स्वैपाकघर, हे धान्य. मुनीरकाच्या खोलीत हेमलता मुखवटे हातात घेऊन एकाच जागी उभी राहायची आणि नुसती मान फिरवायची. "गौरीबाई, ही बैठक. हे स्वैपाकघर. ही निजायची खोली." भक्ती म्हणायची, "मम्मी, गौरीला चक्कर येईल." हेमलता हसून सांगायची हे, पण सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

लेल्यांकडे खोलीला खिडकी होती, खिडकीत कडुलिंब होता, भक्तीची शाळा चालत जाण्याएवढी जवळ होती. बारावीची परीक्षा होईपर्यंत इथून हलायचं नाही, एवढाच हेमलतेचा हिशेब. त्यापलीकडचं ती काही मागत नव्हती.

श्रावणात मागच्या गल्लीतल्या एका क्वार्टरवर धाड पडली. कुणीतरी तक्रार केली होती. भाडेकरू सापडले, ज्याच्या नावावर घर होतं त्याचं घर गेलं, वर खात्याची चौकशी. त्या दिवसापासून शांतारामांचा चहा कपातून बशीत नीट ओतला जाईना. रिटायरमेंटच्या तोंडावर चौकशी म्हणजे पेन्शन अडकणार. रिटायर झाल्यावर हे घर सोडायचंच होतं आणि दिल्लीत दुसरं घेण्याची ऐपत नव्हती. त्यामुळे तेही रात्री झोपत नसत. घराचा मालक आणि त्याचा चोरटा भाडेकरू, दोघंही एकाच छताकडे बघत जागे!

शेवटी चंद्रप्रभेनं हेमलतेला सांगितलं. मी होते तिथे. शेंगा निवडत होते, निवडतच राहिले.

"हेमलता, गणपती झाले की दुसरी जागा बघ."

"वहिनी, भक्तीची परीक्षा..."

"वहिनी म्हणू नकोस आता. ह्यांचा बीपी बघितलास का? उद्या कुणी दार वाजवलं तर हे स्वतःच सगळं सांगून मोकळे होतील."

हेमलता उठली. तिनं शेंगांची सालं गोळा केली आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावरून सुटली की खोल्या बघत फिरायची. मुनीरकात ज्या खोलीतून ती निघाली होती तीच आता परवडेना. दलाल म्हणायचे, "मॅडम, बजट बढ़ाइए, या फिर मानेसर देखिए." मानेसरहून भक्तीची शाळा म्हणजे उजाडायच्या आधी निघायचं आणि अंधारात परत. पोरीच्या पुस्तकांत बसचं वेळापत्रक दिसायला लागलं. हेमलतेनं ट्रंक पलंगाखालून काढून दाराशी ठेवली. ती तिथे बघून मला बरं वाटेना. चेष्टासुद्धा सुचेना, म्हणजे बघा!

यंदा तिनं मुखवटे काढायचे नाहीत असं ठरलं. एका घरात दोन तऱ्हेच्या गौरी कुणी बघितल्या तर दोन कुळं राहतात हे पोरगंही ओळखेल. लेले कोकणस्थ, त्यांच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे आणायचे, तबकात घेऊन, मुक्यानं. वाटेत कोणी काही विचारलं तरी आणणारीनं तोंड उघडायचं नाही, मागे बघायचं नाही. आणि आणणारी लागते घरची लेक, माहेरवाशीण. दरवर्षी शांतारामांची खरी बहीण वैजयंती फरीदाबादहून येते. आली की चंद्रप्रभेच्या पुरणाला नावं ठेवते आणि जाताना तेच डबा भरून नेते. यंदा आदल्या दिवशी तिचा फोन आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिने चढायला डॉक्टरांची बंदी.

चंद्रप्रभेनं डोक्याला हात लावला. "आता गौर आणणार कोण? लेल्यांची लेक कुठून काढू मी?"

"अगं, तू काढलीयेस की!" मी म्हटलं. "वर्षभर जिन्यात वन्सं वन्सं ओरडत्येस, ती काय मग?"

चंद्रप्रभेच्या कपाळाला आठी पडली. ती कशाची, ते सगळ्यांना कळलं आणि कुणी बोललं नाही. थोरातांच्या हातून लेल्यांची गौर! हेमलता खाली बघत होती. शेवटी शांतारामच म्हणाले, "गौर न येण्यापेक्षा हिनं आणलेली काय वाईट?" नवऱ्यानं आपणहून मत दिल्याच्या धक्क्यानंच बहुधा, चंद्रप्रभा हो म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी हेमलता जरीची साडी नेसून पार्कात गेली. यमुनेचं पाणी बघितलंय आम्ही, त्यामुळे पाणवठा म्हणजे पार्कातला माळ्याचा नळ. त्याच्याखालचे खडे धुऊन तबकात घेतले, वर हळदकुंकू, दूर्वा. मागे भक्ती घंटा वाजवत. मी दारात उभी राहून वाट बघत होते. घंटा जिन्यात ऐकू आली, आणि तिच्यात मिसळून बुटांचा आवाज.

दोन माणसं. एकाच्या काखेत फाईल. हेमलतेच्या मागोमाग चढून तेही आमच्याच मजल्यावर थांबले.

फाईलवाल्यानं दारावरची 'लेले' पाटी वाचली आणि हेमलतेला विचारलं, "आप इसी मकान में रहती हैं?"

हेमलता गप्प. तबक दोन्ही हातांत, नजर खड्यांवर.

"मैडम, आपसे पूछ रहा हूँ. नाम क्या है आपका?"

तिचे ओठ आवळलेले. तबकातले खडे एकमेकांवर वाजायला लागले होते.

"मम्मी अभी बोल नहीं सकतीं," भक्ती म्हणाली.

"क्यों? गूँगी हैं?"

"नहीं. गौरी हैं."

फाईलवाल्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हातारपणाचं सगळं भांडवल वापरून हात जोडले. "साहब, देवी आ रही है. बीच में टोकते नहीं."

तेवढ्यात चंद्रप्रभेनं दार उघडलं. हातात पाण्याचा तांब्या आणि आरतीचं ताट. समोर हेमलता, हेमलतेच्या खांद्यावरून फाईल. तिचा चेहरा असा पांढरा पडला की कुंकू उठून दिसायला लागलं. पण गौर दारात उभी ठेवता येत नाही. तिनं वाकून हेमलतेच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, आणि तिला ओवाळलं. ज्या बाईला परवा जागा बघ म्हणाली, तिच्या पायाला हात लावत होती, आणि ते बघायला सरकार हजर.

साहेबांनी बूट काढले. "पहले पूजा हो जाए," ते म्हणाले. "हमें भी अंदर एक बार देखना है." माणूस वाईट नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. मी पण आत शिरले. अशा वेळी मी बाहेर राहीन होय?

दारापासून रांगोळीची पावलं काढलेली होती. चंद्रप्रभा पुढे, तबक घेऊन हेमलता मागे, मग घंटा, मग फाईल, सगळ्यात शेवटी मी.

"गौर आली कशाच्या पावलांनी?" चंद्रप्रभेचा आवाज चिरकला.

"सोन्याच्या पावलांनी," शांताराम म्हणाले. ते सोफ्याला धरून उभे होते.

"गौरीबाई, ही आमची बैठक. इथे काय आहे?"

"इथे सुखशांती आहे," शांताराम म्हणाले, आणि कपाळावरचा घाम पुसला.

"हे स्वैपाकघर. इथे काय आहे?"

"धनधान्य आहे. दूधदुभतं आहे." तेवढं खरं होतं. फ्रिजमध्ये दुधाची एकच पिशवी होती.

मग रांगोळीची पावलं वळत होती ती थेट देवघराच्या कोनाड्याकडे. आतल्या खोलीकडे चंद्रप्रभेनं पावलं काढलीच नव्हती. ती पुढे निघाली, पण मागे घंटा थांबली. वळून बघते तर हेमलता फुलाफुलांच्या पडद्यासमोर उभी. मुद्दाम म्हणाल तर मला नाही वाटत. गौरीला सगळं घर दाखवायचं, कुठलीही खोली वगळायची नाही, हेच तिला ठाऊक. एकेका खोलीत उभं राहून मान फिरवणारी बाई ती. दाखवायला आणखी एक खोली आहे म्हटल्यावर पाय आपसूक थांबले असतील. बोलता तर येत नव्हतं. तिनं फक्त चंद्रप्रभेकडे बघितलं.

"ये कमरा किसका है?" साहेबांनी विचारलं.

त्यांच्यासाठी चंद्रप्रभेकडे उत्तर तयार होतं. आरशासमोर घोकलेलं मी ऐकलंय, ननद आयी है, थोड़े दिन के लिए. पण आधी गौरीला सांगायचं होतं. सरकारशी खोटं बोलणं वेगळं. पायावर पाणी घालून घरात घेतलेल्या गौरीशी खोटं बोलायचं कसं? साहेबांचा हात पडद्याकडे गेला.

"ही," चंद्रप्रभा म्हणाली, साहेबांकडे न बघता, खड्यांकडे बघत, "ही आमच्या माहेरवाशिणीची खोली." आणि मग सवयीनं तिच्या तोंडून पुढचं निघालंच, "इथे काय आहे?"

उत्तर द्यायची पाळी शांतारामांची, पण ते साहेबांच्या हाताकडेच बघत होते.

"इथे अभ्यास आहे," भक्ती म्हणाली.

साहेबांनी पडदा सरकवला. आत पुस्तकांची चळत, दाराशी ट्रंक, आणि पलंगावर डबल पाळी करून आलेला उल्हास, कंपनीच्या शर्टात, तोंड उघडं टाकून घोरत!

"ये कौन साहब हैं?"

"जमाई हैं," चंद्रप्रभा ताठ झाली. एकदा गौरीसमोर बोलून गेल्यावर तिची भीडच चेपली. "हमारी ननद के मिस्टर. त्योहार को हमारे में जमाई को नींद से उठाते नहीं. पाप लगता है."

असं काही शास्त्र नाही. कुठल्याच घरात नाही. पण साहेबांनी पडदा हलकेच परत लावला, आणि तेवढ्यात उल्हास असा घोरला की त्यांचा सोबती तोंडावर हात धरून खोकला.

गौरी कोनाड्यात बसल्या. साहेबांनी पेढा घेतला, नमस्कार केला, फाईलमध्ये काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "दिवाली के बाद एक राउंड और होगा." हे सगळ्यांनाच सांगतात की लेल्यांनाच सांगितलं, यावर आम्ही अजून वाद घालतो.

दार बंद झालं तरी हेमलता बोलेना. मी म्हटलं, "अगं, बसली गौर. बोल आता." तर ती खाली बसली आणि रडायलाच लागली.

"रडू नकोस माझ्या गौरीसमोर," चंद्रप्रभा खेकसली. मग तिनं हातातला तांब्या गौरीपाशी ठेवला. "बोलून बसले ना मी तिच्यासमोर. आता काय करू? परीक्षा होईपर्यंत तुला काढता यायची नाही. हे म्हणतील पेन्शन, नि ती म्हणेल माहेरवाशीण."

"ट्रंक दारातून उचल आधी," शांताराम हेमलतेला म्हणाले. "ठेच लागेल कुणाला."

"आणि वहिनीच म्हण," चंद्रप्रभा म्हणाली. "उगाच जीभ अडखळायला नको. अजून दिवाळी व्हायचीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे डोकावले. पावलं रांगोळीनं पडद्यापर्यंत वाढवली होती. थोडी वेडीवाकडी, म्हणजे काढणारी भक्तीच. पडद्याआड, पलंगाच्या आणि भिंतीच्या सांदीत, पितळी मुखवटे उभे होते, साड्या नेसून. चंद्रप्रभेनंच काढायला लावले म्हणे. पडदा मात्र पूर्ण लावायचा, ही अट.

ट्रंक पलंगाखाली गेली. शांतारामांनी हळूच दलालाचा नंबर हेमलतेकडून मागून घेतला, पुढच्या वर्षी त्यांनाही जागा शोधायचीय. दलाल त्यांनाही म्हणाला, "अंकल, बजट बढ़ाइए." जिन्यात बूट वाजले की दोन्ही खोल्यांतलं बोलणं एकदम थांबतं. भक्ती खिडकीशी बसून वाचते. काल मी तिला विचारलं, "काय गं, झालं का पाठ?" तर आधी तिनं मागे वळून बघितलं आणि मग उत्तर दिलं.

दूध अजून माझ्याच दारात पडतं.